अपघातानंतरचा हक्क: मोटार अपघात नुकसानभरपाईचा कायदा

रस्त्यावरील अपघातात एखादी व्यक्ती दगावते किंवा कायमची जायबंदी होते, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने त्या एकाच घटनेतून दोन स्वतंत्र प्रकरणे उभी राहतात. पहिले फौजदारी स्वरूपाचे असते. बेदरकारपणे वाहन चालवणे आणि हयगयीने मृत्यूस कारण होणे यांसाठी भारतीय न्याय संहितेच्या अनुक्रमे 281 व 106 या कलमांखाली पोलीस गुन्हा नोंदवतात आणि सरकार चालकावर खटला चालवते. दुसरे प्रकरण भरपाईचे असते. त्यात जखमी व्यक्ती किंवा मृताचे वारस वाहनाचा चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्याकडून झालेल्या हानीची भरपाई पैशांच्या रूपात मागतात. चालकाला शिक्षा झाली म्हणून भरपाई आपोआप हाती पडत नाही, तसेच चालक निर्दोष सुटला म्हणून भरपाईचा दावा बुडतही नाही; कारण फौजदारी न्यायालयात दोष वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, तर भरपाईच्या दाव्यात घटना कशी घडली असण्याचा अधिक संभव आहे, एवढेच तपासले जाते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले, त्यांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि 4,43,366 जखमी झाली. मृतांपैकी पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रातील होते. या आकड्यांमागील बहुसंख्य कुटुंबांचा न्यायालयाशी त्यापूर्वी कधी संबंध आलेला नसतो, त्यामुळे भरपाई म्हणजे सरकारी मदत किंवा विमा कंपनीची मेहेरबानी, असा समज खेड्यांत आणि शहरांतही आढळतो. वस्तुतः ती कायद्याने दिलेल्या हक्काची रक्कम आहे. ती मोजण्याची रीत न्यायालयांनी गेल्या काही दशकांत बरीच निश्चित केली आहे, आणि त्या मोजणीसाठी लागणारा बहुतेक पुरावा अपघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच तयार होतो. म्हणून हा कायदा वकिलांइतकाच सामान्य नागरिकांनाही ठाऊक असणे आवश्यक आहे.

कायद्याची जडणघडण

एकोणिसाव्या शतकात भारतात अपघाती मृत्यूबद्दल भरपाई मागण्याचा मार्ग 1855 च्या प्राणांतिक अपघात अधिनियमातून जात असे. त्यासाठी दिवाणी न्यायालयात रीतसर दावा लावावा लागे, मागणीच्या प्रमाणात न्यायालय शुल्क भरावे लागे आणि साक्षीपुराव्याचे सर्व काटेकोर नियम पाळावे लागत. मोटारींची संख्या वाढल्यानंतर 1939 चा मोटार वाहन अधिनियम आला, आणि 1956 च्या दुरुस्तीने अशा दाव्यांसाठी खास न्यायाधिकरणे नेमण्याची तरतूद त्यात करण्यात आली. सध्या लागू असलेला मोटार वाहन अधिनियम 1988 चा असून तो 1 जुलै 1989 पासून अमलात आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायाधीशांकडे चालणारे मोटार अपघात दावा प्राधिकरण या अधिनियमाच्या कलम 165 खाली स्थापन झालेले असते. कलम 166 खाली दावा दाखल होतो आणि कलम 168 खाली प्राधिकरण ‘न्याय्य’ वाटेल इतकी भरपाई ठरवते. ही रक्कम अर्जात मागितलेल्या रकमेपेक्षा अधिकही असू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये स्पष्ट केले आहे.

या व्यवस्थेचा आर्थिक कणा म्हणजे सक्तीचा विमा. कलम 146 नुसार रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक वाहनाचा त्रयस्थ व्यक्तींसाठीचा, म्हणजे रूढ भाषेत ‘थर्ड पार्टी’, विमा उतरवलेला असावाच लागतो. वाहनामुळे ज्या परक्या माणसाची हानी होते तो येथे त्रयस्थ मानला जातो. वाहनमालक निर्धन असला तरी अपघातग्रस्ताला रिकाम्या हाताने परतावे लागू नये, हा या सक्तीमागील हेतू आहे. राज्य परिवहन महामंडळांसारख्या सार्वजनिक उपक्रमांना स्वतःचा निधी उभारून विम्यातून सूट मिळवता येते. तशा वेळी भरपाईची जबाबदारी थेट महामंडळावर येते.

2019 च्या दुरुस्तीने या कायद्यात मोठे फेरबदल झाले आणि भरपाईविषयीच्या त्यातील महत्त्वाच्या तरतुदी 1 एप्रिल 2022 पासून लागू झाल्या. पूर्वीची कलम 140 व 163अ ही दोषनिरपेक्ष भरपाईची कलमे वगळण्यात आली आणि त्यांच्या जागी नवे कलम 164 आले. दोषनिरपेक्ष भरपाई म्हणजे चालकाची चूक सिद्ध न करताही मिळणारी भरपाई. नव्या कलमाखाली मृत्यूसाठी 5 लाख रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये अशी ठरावीक रक्कम वाहनमालकाने किंवा विमा कंपनीने द्यावयाची असते. हा मार्ग सोपा वाटला तरी त्यात एक धोका आहे: कलम 149 च्या कार्यपद्धतीनुसार विमा कंपनीकडून ही रक्कम स्वीकारल्यास कलम 166 खालील मोठ्या भरपाईचा अर्ज संपुष्टात येतो. ज्या मृत्यूची न्याय्य भरपाई पंचवीस-तीस लाखांपर्यंत जाऊ शकते, तेथे घाईने पाच लाखांवर सही केल्यास कुटुंबाचे नुकसान भरून निघत नाही. चालकाची चूक दाखवणे खरोखरच अवघड असेल, तेव्हा मात्र हेच कलम मोठा आधार ठरते.

मृत्यूच्या दाव्यातील हिशेब

माणसाच्या जिवाची किंमत करता येत नाही, हे न्यायालये मान्य करतात. त्यांना मोजायचे असते ते मृत व्यक्तीच्या कमाईवर अवलंबून असलेल्यांचे आर्थिक नुकसान. एकाच प्रकारच्या प्रकरणांत निरनिराळ्या न्यायाधीशांनी निरनिराळ्या रकमा ठरवू नयेत, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या ‘सरला वर्मा’ निकालात एक पद्धत आखून दिली आणि 2017 मध्ये ‘प्रणय सेठी’ प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती पक्की केली.

या पद्धतीत प्रथम मृताचे वार्षिक उत्पन्न ठरवले जाते आणि जगला असता तर ते वाढले असते, हे गृहीत धरून त्यात भावी वाढीची भर घातली जाते. कायम नोकरीत असलेल्या व्यक्तीचे वय 40 पेक्षा कमी असेल तर 50 टक्के, 40 ते 50 असेल तर 30 टक्के आणि 50 ते 60 असेल तर 15 टक्के अशी ही वाढ असते. स्वयंरोजगार करणाऱ्या किंवा ठरावीक पगारावरील व्यक्तीसाठी हीच प्रमाणे अनुक्रमे 40, 25 व 10 टक्के आहेत. त्यानंतर मृताने स्वतःवर केला असता तो खर्च वजा होतो. मृत अविवाहित असल्यास साधारणतः निम्मी रक्कम वजा केली जाते. विवाहित असल्यास दोन किंवा तीन अवलंबितांसाठी एक-तृतीयांश, चार ते सहा अवलंबितांसाठी एक-चतुर्थांश आणि त्याहून अधिक असल्यास एक-पंचमांश. उरलेल्या रकमेला वयानुसार ठरलेल्या ‘गुणका’ने गुणले जाते. हा गुणक 15 ते 25 या वयासाठी 18, 31 ते 35 साठी 16, 41 ते 45 साठी 14, 51 ते 55 साठी 11 असा उतरत जातो आणि 65 वर्षांनंतर 5 वर येतो.

उदाहरणादाखल, महिन्याला 15,000 रुपये कमावणारा 34 वर्षांचा भाजीविक्रेता अपघातात मरण पावला आणि त्याच्यामागे पत्नी, दोन मुले व आई असे चार अवलंबित आहेत, असे समजू. त्याचे वार्षिक उत्पन्न 1,80,000 रुपये होते; त्यात 40 टक्के भावी वाढ मिळवल्यावर 2,52,000 रुपये होतात; त्यातून एक-चतुर्थांश, म्हणजे 63,000 रुपये, वजा केल्यावर 1,89,000 रुपये उरतात; आणि 16 या गुणकाने गुणल्यावर अवलंबितांचे नुकसान 30,24,000 रुपये ठरते. यात सहवास गमावल्याबद्दलची रक्कम, अंत्यसंस्काराचा खर्च आणि मालमत्तेच्या हानीची रक्कम मिळवली जाते. घटनापीठाने या तीन बाबींसाठी अनुक्रमे 40,000, 15,000 व 15,000 रुपये ठरवून दर तीन वर्षांनी त्यांत दहा टक्के वाढ करण्याचे सांगितले, आणि 2018 च्या आणखी एका निकालानुसार सहवासाची रक्कम पतीपत्नींपुरती मर्यादित न राहता मुलांना आणि आईवडिलांनाही मिळते. यावर अर्जाच्या तारखेपासून व्याज देण्याचा अधिकार प्राधिकरणाला कलम 171 ने दिलेला आहे.

हिशेबाचा सर्वांत वादग्रस्त भाग म्हणजे उत्पन्न. पगारदार व्यक्तीची वेतनचिठ्ठी किंवा आयकर विवरणपत्र पुरेसे असते. शेतमजूर, फेरीवाला, गवंडी, धुणीभांडी करणारी बाई यांच्याकडे असा कागद नसतो. पुरावा नाही म्हणून उत्पन्नच नव्हते, असे मानता येत नाही आणि किमान वेतनाचे दर हा मोजमापाचा एक आधार असू शकतो, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने वारंवार घेतली आहे. गृहिणीच्या बाबतीत झालेला बदल विशेष उल्लेखनीय आहे. 2001 च्या एका निकालात गृहिणीच्या घरकामाचे मूल्य महिन्याला 3,000 रुपये धरण्यात आले होते. जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कल्पित उत्पन्नावर भावी वाढही दिली पाहिजे, असे ठरवले. स्वयंपाक, मुलांचे संगोपन, वृद्धांची शुश्रूषा आणि शेतातील कामे यांना पगार नसला तरी आर्थिक मूल्य आहे, हे तत्त्व आता न्यायालयांत रुजले आहे, आणि घरातील स्त्रीच्या मृत्यूला आर्थिक हानी न मानणाऱ्या समाजासाठी ते महत्त्वाचे आहे.

मृताचा आयुर्विमा, भविष्य निर्वाह निधी किंवा कुटुंबनिवृत्तिवेतन यांची रक्कम भरपाईतून कापता येत नाही. हा नियम महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाविरुद्धच्या 1998 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिला. माणसाने स्वतःच्या कमाईतून केलेल्या तरतुदीचा फायदा अपघातास जबाबदार असलेल्याला मिळू नये, असा त्यामागील विचार आहे.

जखमीच्या दाव्यातील हिशेब

जखमी व्यक्तीचा दावा अनेकदा मृत्यूच्या दाव्यापेक्षा गुंतागुंतीचा असतो, कारण तिचे नुकसान दावा लागल्यानंतरही चालूच राहते. सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या ‘राजकुमार’ निकालात या हानीची मांडणी दोन गटांत केली. पहिल्या गटात पैशांत थेट मोजता येणारी हानी येते: औषधोपचार, रुग्णालयातील वास्तव्य, प्रवास व सकस आहाराचा खर्च, उपचारकाळात बुडालेली कमाई, कायमच्या अपंगत्वामुळे पुढे बुडणारी कमाई आणि भविष्यात लागणारे उपचार. दुसऱ्या गटात वेदना व मनःस्ताप, आयुष्यातील सुखसोयींना मुकणे आणि आयुर्मान घटणे या बाबी येतात.

याच निकालातील एक भेद प्रत्येक जखमीने समजून घेतला पाहिजे. वैद्यकीय मंडळाने दिलेली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची क्षमता कितपत घटली याची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला कार्यात्मक अपंगत्व म्हणतात आणि भरपाई तिच्या आधारे ठरते. एक हात गमावलेल्या कार्यालयीन लिपिकाची नोकरी कदाचित टिकून राहते, त्यामुळे त्याच्या कमाईत फारशी घट होत नाही. तीच दुखापत ओझी उचलणाऱ्या माथाडी कामगाराला किंवा ट्रकचालकाला झाली तर त्याचा रोजगार जवळपास पूर्णपणे बुडतो. म्हणून प्रमाणपत्रावरील आकडा एवढाच पुरावा न मानता, जखमी व्यक्ती अपघातापूर्वी नेमके कोणते काम करीत होती आणि आता त्यातील काय करू शकत नाही, हे डॉक्टरांच्या साक्षीने आणि मालकाच्या किंवा सहकाऱ्यांच्या जबानीने मांडणे अत्यावश्यक ठरते. 2020 मध्ये मेंदूला कायमची इजा झालेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिचे भावी उत्पन्न कुशल कामगाराच्या किमान वेतनावरून मोजले आणि आयुष्यभर लागणाऱ्या शुश्रूषेच्या खर्चालाही गुणक पद्धत लावली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा घरचे लोक विनामोबदला करतात म्हणून तो खर्च शून्य मानता येत नाही, ही जाणीव अशा दाव्यांत मोलाची आहे.

पुरावा जमवण्याचे दिवस

या सर्व मोजणीचा पाया कागदपत्रांवर उभा असतो, आणि दुःखाच्या भरात नेमकी तीच मागे पडतात. अपघाताची खबर पोलीस ठाण्यात देऊन प्रथम खबर अहवालाची प्रत विनामूल्य मिळवावी, कारण ती मिळणे हा तक्रारदाराचा हक्क आहे. घटनास्थळाचा पंचनामा, वाहनांची स्थिती दाखवणारी छायाचित्रे, साक्षीदारांची नावे व पत्ते, वाहनाचा नोंदणी क्रमांक, चालकाचा परवाना आणि विमा पॉलिसीचा तपशील या गोष्टी दोष आणि जबाबदारी ठरवण्यासाठी लागतात. मृत्यूच्या प्रकरणात मरणोत्तर पंचनामा व शवविच्छेदन अहवाल, तर जखमीच्या प्रकरणात रुग्णालयातील प्रवेश व निर्गमनाची कागदपत्रे, क्ष-किरण चित्रे, औषधांच्या मूळ पावत्या आणि जिल्हा रुग्णालयाचे अपंगत्व प्रमाणपत्र लागते. खाजगी रुग्णालयात दाखल होताना दुखापतीचे कारण वाहन अपघात असे स्पष्ट नोंदवले गेले आहे ना, याची खात्री तेव्हाच करावी. तेथे ‘घरात पडल्याने’ अशी नोंद झाली तर पुढे विमा कंपनी त्याच नोंदीवर बोट ठेवते.

आजच्या नियमांनी पोलिसांवरही मोठी जबाबदारी टाकली आहे. 2022 पासूनच्या केंद्रीय नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताचा प्राथमिक अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत प्राधिकरणाकडे पाठवावयाचा असतो, तसेच अपघातग्रस्तांना त्यांच्या हक्कांची लेखी माहिती द्यावयाची असते. कलम 166(4) नुसार पोलिसांचा असा अहवाल प्राधिकरणाने दावा अर्ज म्हणूनच हाताळावयाचा आहे. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांची अंमलबजावणी सर्व राज्यांत व्हावी असे निर्देश दिले. तरीही अहवाल गेला असेलच असे गृहीत धरून कुटुंबाने स्वस्थ बसणे हिताचे नसते. पोलीस ठाण्यात चौकशी करून आपला स्वतंत्र अर्ज दाखल करणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

दावा कोणी, कोठे आणि केव्हा करावा

जखमी व्यक्ती, मृताचे कायदेशीर प्रतिनिधी किंवा त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती हा दावा करू शकते. प्रतिनिधी या संज्ञेचा अर्थ न्यायालयांनी व्यापक ठेवला आहे. मृताच्या उत्पन्नावर अवलंबून असलेल्या भावंडांना आणि एका प्रकरणात सोबत राहणाऱ्या सासूलाही दावा करण्याचा हक्क मान्य झाला आहे. अपघात झाला ते ठिकाण, दावेदाराचे राहण्याचे किंवा व्यवसायाचे ठिकाण आणि प्रतिवादीचे राहण्याचे ठिकाण यांपैकी कोठेही दावा दाखल करता येतो. त्यामुळे गुजरातमधील महामार्गावर मरण पावलेल्या रत्नागिरीच्या चालकाच्या पत्नीला तारखांसाठी परराज्यात खेपा घालाव्या लागत नाहीत; ती रत्नागिरीतच दाद मागू शकते.

मुदतीच्या बाबतीत सावधगिरी हवी. 1994 च्या दुरुस्तीने अशा दाव्यांची कालमर्यादा काढून टाकली होती आणि पुढील अनेक वर्षे उशिरा दाखल झालेले दावेही चालत असत. 1 एप्रिल 2022 पासून मात्र अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याची अट पुन्हा लागू झाली आहे. या अटीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. तथापि न्यायालयाच्या अंतिम निर्णयावर भिस्त ठेवून अर्ज लांबवणे धोक्याचे आहे.

वकिलाचा खर्च परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अपघातस्थळी किंवा रुग्णालयात येऊन कोऱ्या कागदांवर सह्या घेणाऱ्या आणि भरपाईतील टक्केवारी मागणाऱ्या दलालांपासून दूर राहण्यासाठी ही सोय उपयोगी पडते.

विमा कंपनीचे आक्षेप

विमा कंपनी बहुधा तीन मुद्द्यांवर जबाबदारी नाकारते. पहिला मुद्दा अपघातग्रस्ताच्या स्वतःच्या हयगयीचा असतो. चूक दोन्ही बाजूंची असेल तर भरपाई त्या प्रमाणात घटते. परंतु दुचाकीवर तिघे बसले होते, एवढ्यावरून मृताचा दोष गृहीत धरता येत नाही, त्या कृतीचा अपघाताशी किंवा दुखापतीच्या तीव्रतेशी कारणसंबंध दाखवावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटले आहे. दुसरा मुद्दा चालकाच्या परवान्याचा. परवाना नसणे किंवा अयोग्य असणे हा पॉलिसीचा भंग असला तरी 2004 च्या एका महत्त्वाच्या निकालानंतर अशा अनेक प्रकरणांत प्राधिकरण कंपनीला भरपाई आधी दावेदाराला देण्यास आणि नंतर वाहनमालकाकडून वसूल करण्यास सांगते. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीला साडेसात हजार किलोपर्यंतचे वाहतूक वाहन चालवता येते, असे घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये ठरवल्यामुळे या वादाचा एक मोठा भाग मिटला आहे.

तिसरा मुद्दा पॉलिसीच्या व्याप्तीचा असून महाराष्ट्रात तो ऊसतोड मजुरांच्या बाबतीत फार वेदनादायक ठरतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून किंवा मालमोटारीतून माणसे नेली जातात, अपघात होतो, आणि मालवाहू वाहनातील फुकट प्रवाशाची जबाबदारी विम्यावर नाही, असे कंपनी सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2003 च्या निकालाचा त्याला आधारही आहे. अशा वेळी मृत किंवा जखमी व्यक्ती वाहनमालकाची कामगार होती का, ती आपल्या मालासोबत प्रवास करीत होती का, पॉलिसीत मजुरांसाठी जादा हप्ता भरला होता का, हे प्रश्न निर्णायक ठरतात आणि मुकादमाशी झालेला करार, उचलीच्या नोंदी, कारखान्याच्या पावत्या यांना पुराव्याचे मोल येते. कामावर असताना झालेल्या अपघातात कामगार भरपाईच्या कायद्याचा पर्यायही खुला असतो, मात्र कलम 167 नुसार दोहोंपैकी एकच मार्ग निवडावा लागतो.

स्वतःच्याच चुकीने अपघात करणारा मालक-चालक त्रयस्थ ठरत नाही, त्यामुळे त्याला थर्ड पार्टी विम्यातून काही मिळत नाही. त्याच्यासाठी 15 लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, आणि थोडा हप्ता वाचवण्यासाठी ते टाळणे कुटुंबाच्या दृष्टीने अहिताचे आहे. वर्षाला 20 रुपये हप्त्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आणि शेतकरी कुटुंबांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची राज्य सरकारची सानुग्रह अनुदान योजना यांतून अपघाती मृत्यूनंतर प्रत्येकी 2 लाख रुपये मिळू शकतात. रेल्वे अपघातांचे दावे मात्र मुंबई व नागपूर येथे पीठे असलेल्या रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जातात. तेथे मृत्यूसाठी 8 लाख रुपयांची भरपाई असून सामान्यतः एका वर्षात अर्ज करावा लागतो.

वाहन पळून गेले तर

धडक देऊन पसार झालेले वाहन सापडले नाही, तरी कुटुंब पूर्णपणे निराधार राहत नाही. कलम 161 खालील 2022 च्या योजनेनुसार अशा अपघातातील मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये मिळतात. पूर्वी या रकमा अनुक्रमे 25,000 व 12,500 रुपये होत्या. अर्ज प्रांत किंवा तहसील पातळीवरील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा असून मंजुरी जिल्हाधिकारी देतात. पुढे वाहन सापडून कलम 166 खाली भरपाई मिळाली तर ही रक्कम त्यातून परत करावी लागते.

उपचारांच्या बाबतीत मे 2025 पासून लागू झालेली केंद्राची रोकडरहित योजना महत्त्वाची आहे. तिच्यानुसार वाहन अपघातातील जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, निर्धारित रुग्णालयात पैसे न भरता उपचार मिळावयाचे आहेत. जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूला कलम 134अ चे संरक्षण आहे. त्याने आपले नाव सांगावे किंवा साक्षीदार व्हावे, अशी सक्ती करता येत नाही.

निकाल आणि त्यानंतर

दावा लोकअदालतीत तडजोडीने मिटवता येतो आणि त्यामुळे वर्षानुवर्षांचा कालावधी वाचतो; तेथील निवाडा अंतिम असून त्यावर अपील होत नाही, म्हणून वर दाखवलेला हिशेब मांडून, देऊ केलेली रक्कम त्याच्या किती जवळ आहे हे पाहिल्याखेरीज संमती देऊ नये. प्राधिकरणाच्या निवाड्याविरुद्ध उच्च न्यायालयात 90 दिवसांत अपील करता येते. वादातील रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर मात्र ही वाट बंद असते. अल्पवयीन मुलांच्या वाट्याची रक्कम सहसा मुदत ठेवीत ठेवली जाते आणि अशिक्षित किंवा विधवा दावेदारांच्या बाबतीतही प्राधिकरण काही भाग गुंतवण्याचा आदेश देते. त्यामुळे पैसा नातेवाइकांच्या किंवा मध्यस्थांच्या हाती जाण्यापासून वाचतो, आणि शिक्षण, आजारपण यांसाठी तो आधी काढायचा असल्यास अर्ज करता येतो. मंजूर झालेली रक्कम दावेदारांपर्यंत न पोहोचता प्राधिकरणांकडे पडून राहते, याची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि एप्रिल 2025 मध्ये दावा अर्जातच पत्ता, आधार व पॅन क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील घेण्याचे निर्देश दिले. गाव बदलले, दूरध्वनी क्रमांक बदलला, वकील बदलला तर त्याची नोंद प्राधिकरणाकडे करणे, हे म्हणूनच निकालाइतके महत्त्वाचे आहे.

या कायद्याने भाजीविक्रेत्याची कमाई, गृहिणीचे श्रम, मजुराच्या हातांचे बळ आणि लहान मुलीचे भविष्य यांना न्यायालयात मोजण्याजोगे स्थान दिले, हे त्याचे मोठे कार्य आहे. मात्र हे मोजमाप दावा करणाऱ्यालाच मिळते, आणि दावा करण्याची सर्वांत कमी शक्ती ज्या घरात उरलेली असते तेथेच त्याची सर्वाधिक गरज असते. यासाठी ग्रामपंचायतीने, पोलीस पाटलाने, रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांनी आणि कामगार संघटनांनी अपघातग्रस्त कुटुंबाला तीन गोष्टी पहिल्याच आठवड्यात सांगणे हे आपले कर्तव्य मानावे: कागद जपून ठेवा, हिशेब समजल्याशिवाय सही करू नका, आणि सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करा. एवढे घडले तरी कायद्याच्या पुस्तकातील हक्क आज ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, अशा अनेक घरांपर्यंत पोहोचेल.